गुळाच्या फळीची गिटार

लाकूड दिसलं की हवालदार ते ठोकून बघायचे. दुकानाचा काउंटर असो, एसटीच्या बाकाची पाठ असो, नाहीतर समोरच्याच्या हातातली काठी असो. उजव्या हाताची दोन बोटं मिटून टक् टक् करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "मुकं हाय." किंवा, "ह्ये बोलतंय." एकदा मी सांगलीतल्या एका वकिलांच्या घरी दुरुस्त केलेला रेडिओ पोचवायला गेलो, तर हे माझ्याबरोबर. वकीलसाहेब आतून येईपर्यंत यांनी दार, कपाट आणि कोपऱ्यातला देव्हारासुद्धा ठोकून घेतला. साहेब घाईघाईने बाहेर आले आणि म्हणाले, "कोण आलंय?" मी म्हटलं, "कोणी नाही, आमचे हवालदार लाकूड तपासतायत." दुसरं काय सांगणार!

आणि निकाल ते द्यायचे तो कुजबुजून. कारण हवालदारांना आवाज नव्हता.

माझं तेव्हा सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी मूळचा साताऱ्याचा, पण पोटापाण्यासाठी सांगलीचा उन्हाळा पत्करला होता. बहात्तरचा तो मोठा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी पलूसच्या पलीकडच्या एका गावातून लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला एक उंच, ताठ माणूस घोंगड्यात गुंडाळलेला वॉल्व्हचा रेडिओ खांद्यावर घेऊन आला. मागे त्याची बायको. माणूस ओठ हलवून काहीतरी कुजबुजला. मी म्हटलं, "घसा बसलाय वाटतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."

"आवं, बसला न्हाई, ग्येला," बायको म्हणाली. "मिरजंला आपरेशन झालं. गाठ काडली, तिच्यासंगं आवाजबी ग्येला."

मी ओशाळलो. हवालदार मात्र खुशीत होते. गुळण्यांचा सल्ला त्यांना फारच आवडला. पुढे कधीही माझ्याकडून एखादा रेडिओ बिघडला की ते हळूच कानाशी येऊन म्हणायचे, "गुळन्या करायला सांगा त्येला."

वहिनी म्हणजे खणखणीत बाई. या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारायची सवय, त्यामुळे दुकानात बोलल्या तरी समोरचा पानवाला वळून बघायचा. हवालदारांचं सगळं बोलणं त्याच जगापर्यंत पोचवायच्या. आणि पोचवताना त्यात भर घालायच्या. पहिल्या दिवशी हवालदार एवढंच कुजबुजले, "रेडू. बंद पडला." वहिनी म्हणाल्या, "ते म्हनत्यात, परवापातूर चांगला हुता, पर मांजर वर बसतंय, आनि तुमी गिऱ्हाईकाला लय हेलपाटं घालाय लावता असं ऐकलंय, तवा आजच्या आज करून द्या." हवालदारांनी जोरजोरात मान हलवली, मी असं काहीच म्हणालो नाही म्हणून. वहिनी म्हणाल्या, "मनात म्हनलाय की!"

आता तुम्ही म्हणाल, अशा जोडप्याचा आणि विजेच्या गिटारीचा काय संबंध. तोच सांगतो.

त्यांच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन असायचं, आणि भजन उठायच्या आधीची भैरवी हवालदारांची. लष्करात सिग्नलमध्ये असतानाही रजा काढायची ती गुरुवार धरून. ते मधे बसून एकेक ओळ म्हणणार आणि मागून सगळं मंडळ ती उचलणार, अशी वर्षानुवर्षांची रीत. पेन्शनीत आले, घरचा ऊस बघू लागले, आणि आता दर गुरुवारी आपलीच भैरवी म्हणून सुखात होते तोवर हे घशाचं निघालं. आवाज गेल्यापासून हवालदार देवळाची पायरी चढले नव्हते. गुरुवार आला की मुद्दाम पाण्याची पाळी मागून घ्यायचे आणि विहिरीवर डिझेलच्या इंजिनापाशी जाऊन बसायचे. इंजिन चालू असलं की भजन ऐकू येत नाही.

हे मला वहिनींनी सांगितलं, हवालदार बाहेर हातगाडी ठोकून बघत होते तेव्हा. "घरात बोलत न्हाईत त्येचं काय न्हाई वो दादा. दोगांचं मी बोलती. पर एवडा गानारा मानूस आनि गुरुवारी इंजिनाच्या धुरात बसून ऱ्हातोय. मला बगवत न्हाई." एवढं बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली आला होता.

मंडळाचे पेटीवाले अण्णा म्हणजे हवालदारांचे चुलतभाऊ. भला माणूस. वर्षभर त्यांनी हवालदारांची मधली जागा रिकामी ठेवली आणि भैरवी न म्हणताच भजन उठवलं. पण लोकांना ते अर्ध्या जेवणातून उठल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी अण्णांनी घरी येऊन सांगितलं, की हनुमान जयंतीपर्यंत वाट बघतो. तोवर तू काय आला नाहीस तर तासगावकडचा एक बुवा ठरवलाय, तो तुझ्या जागेवर बसेल. हवालदारांनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात हजर.

"मेस्त्री," ते कुजबुजले, "गिटार करायची. इजंची."

मला मेस्त्री म्हटलेलं आवडत नसे. रीतसर कोर्स केलेला माणूस मी! पण त्या दिवशी ते लक्षातही आलं नाही. म्हटलं, "काय करायची?"

आसामकडे असताना त्यांच्या बराकीत डोंगराकडचा एक जवान ती वाजवायचा. "तार छेडायचा आनि बोटानं दाबून वडायचा. सूर वाकायचा, पर तुटायचा न्हाई. गळ्यागत."

मी म्हटलं, मग पुण्याहून विकत आणा. तर म्हणे, इकतची दुसऱ्याच्या मापाची असते. म्हटलं, पेटी वाजवा. तर पेटीचा सूर वाकत न्हाई. सतार? लगेच मरतो तिचा सूर, आनि देवळात टाळमृदंगापुढं कोन ऐकनार? सगळ्याचा विचार करून आलेला माणूस. शेवटी मी म्हटलं, "हवालदार, मला गिटार करता येत नाही."

"मलाबी न्हाई येत," ते म्हणाले आणि हसले. त्यांचं हसणं म्हणजे नुसते खांदे हलायचे. "वाजंल की!"

हे "वाजंल की" पुढचे काही महिने मी इतक्या वेळा ऐकलं, की माझी बायको घरात कुकरची शिट्टी झाली नाही तरी "वाजंल की" म्हणायला लागली.

आधी फळीचा शोध. माझ्या दुकानातल्या सगळ्या रेडिओंच्या पेट्या ठोकून झाल्या. सगळ्या मुक्या. मग एक दिवस घोंगड्यातून एक जाड, काळपट फळी निघाली. गुऱ्हाळात कढलेला रस ज्यात ओतून गूळ थंड करतात त्या जुन्या लाकडी वाफ्याची. आजोबांच्या वेळची. "बोलतीय," हवालदार म्हणाले आणि मलाही ठोकायला लावली. मला काही कळलं नाही, पण मी मान हलवली. त्यांनी ती तासून, घासून गिटारीच्या आकाराची केली. तो आकारही कसा, तर आसामच्या आठवणीवरून एक आणि पाळण्यातल्या बाळाला मांडीवर घेतल्यावर कुठे टेकवतात त्यावरून एक, असा मिळून काढलेला. वहिनी म्हणाल्या, "ह्ये गिटार हाय का पाटा?"

रात्रभर ती दुकानात राहिली आणि सकाळी बघतो तर मुंग्या! दारापासून टेबलापर्यंत रांग. पिढ्यान्‌पिढ्यांचा गूळ मुरलेला त्या लाकडात. मुंग्या गिटारीत गेल्या, तिथून शेजारच्या रेडिओत गेल्या, आणि ज्याचा रेडिओ होता तो मला वाटेल ते बोलून गेला. मी हवालदारांवर उखडलो. त्यांनी शांतपणे गिटार उचलून तिचा वास घेतला आणि म्हणाले, "अजून गोड हाय."

दांडी मिरजेच्या एका सतारवाल्याने करून दिली. आधी तो तयारच नव्हता. पण वहिनींनी तिथे बसून "ते म्हनत्यात" म्हणत असं काही ऐकवलं की त्याने हात जोडून दांडी दिली, वर खुंट्याही दिल्या.

खरं काम तारेच्या गुंडाळीचं. विजेच्या गिटारीत तारांच्या खाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो फेरे गुंडाळलेली असते. तार हलली की त्या गुंडाळीत वीज हलते आणि तीच पुढे रेडिओतून वाजते. लोहचुंबक मी एका फाटक्या स्पीकरचा काढला. पण ती बारीक तार हवालदारांच्या बोटात टिकेना. फावडं धरणारी बोटं ती. माझ्याही हातात दोनदा तुटली आणि मी चिडून उठलो. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "द्या हिकडं. मी फुलवाती वळती, तेवड्या हलक्या हातानं तुमा दोगांना काय जमायचं न्हाई."

त्या भिंतीला टेकून बसल्या आणि गुंडाळायला लागल्या. फेरे मोजायचे कसे? तर प्रत्येक फेऱ्याला देवाचं नाव घ्यायचं, आणि समोर बसून हवालदारांनी जपमाळेचा एकेक मणी ओढायचा. माळ पूर्ण झाली की जोंधळ्याचा एक दाणा वाटीत टाकायचा. असं ते दोघं दुपारभर बसायचे. बाई नाव घेतेय, बुवा मणी ओढतायत, मधे स्पीकरचा लोहचुंबक. एक गिऱ्हाईक दारात आलं, हे बघितलं, चप्पल काढून आत आलं आणि नमस्कार करून बसलं. काय सांगू तुम्हाला, त्याचा पंखा बिघडला होता, पण तो पूजा संपेपर्यंत बोलला नाही!

पहिल्यांदा गिटार रेडिओला जोडली तेव्हा मोठ्ठा घूंऽऽ असा आवाज निघाला. हवालदारांचे डोळे चमकले. "वाजतीया!"

"ही वीज वाजतेय," मी म्हटलं. "तुम्ही अजून तारेला हात लावलेला नाही."

मग त्यांनी तार छेडली. आणि खरंच, रेडिओच्या जाळीतून सूर बाहेर आला. जाडसर, जरासा बसका, पण लांबलचक. हवालदार तार धरूनच राहिले. वहिनींनी पुढे होऊन जाळीवर तळवा टेकवला.

एक तार मात्र वाजेना. सतारवाल्याने खर्जाला पितळी तार दिली होती, आणि लोहचुंबकाला पितळ कळत नाही. हवालदारांनी ती पुन्हा पुन्हा छेडली. हाताला कंप लागत होता, पण रेडिओतून काहीच नाही. "ही माज्यावानी," ते म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी मिरजेला जाऊन पोलादी तार आणली. एवढ्यासाठी कोणी मिरजेला जातं का? पण मला ते वाक्य सहन झालं नव्हतं.

मग पडदे बसवायचे, म्हणजे दांडीवर जिथे बोट दाबलं की ठरावीक सूर निघतो त्या पितळी पट्ट्या. मी म्हटलं, एखाद्या वाजवणाऱ्याकडून माप घेऊ. हवालदार ऐकतील तर शपथ! डोळे मिटून तारेवरून नख सरकवायचे. ओठ हलायचे, गळ्याची घाटी वरखाली व्हायची, आवाज नाही. मनातल्या मनात भैरवी चालायची. मधेच नख थांबायचं. "हितं." मी पेन्सिलने खूण करायची. असे जेवढे सूर त्यांच्या भैरवीत लागतात तेवढेच पडदे त्यांनी बसवले आणि सरसाने पक्के करून टाकले. मधे कुठे बोटभर अंतर, कुठे चांगलं चार बोटं.

आमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रात वाजवणारा एक जण होता. त्याला बोलावून गिटार दाखवली. त्याने सिनेमातलं एक गाणं सुरू केलं आणि तिसऱ्याच सुराला अडखळला. बोट ठेवायला पडदाच नाही! पुन्हा केलं, पुन्हा अडखळला. म्हणाला, "अहो, हिला निम्मे सूरच नाहीत."

"मला लागत्यात तेवडं हायत," हवालदार म्हणाले.

"पण बाकीची गाणी?"

"जी सरी लावलीच न्हाई तिला पानी कशाला सोडायचं?"

तो हसत सुटला. मला असा राग आला म्हणता! अरे, माणसाने शून्यातून एक वाद्य उभं केलंय, आणि तुला तुझी सिनेमाची गाणी पडलीयत? त्याला चहा न देता घालवला. हवालदार मात्र त्याच्यावरही खूश. त्याच्या गिटारीची पेटी त्यांनी ठोकून बघितली होती. मुकी होती.

हनुमान जयंतीच्या आधीच्या गुरुवारी मी त्यांच्या गावाला गेलो. लाउडस्पीकरवाल्याच्या यंत्राला गिटार जोडून दिली आणि खांबाला टेकून बसलो. हवालदार मधल्या जागेवर बसले, पांढरी टोपी, मांडीवर ती गुळाची फळी. लोक बघत होते. पोरं हसत होती. अण्णांनी पेटीवरून हात न उचलता पोरांकडे असं बघितलं की सगळी गप्प. बायका नेहमीप्रमाणे भिंतीकडेला. तिथली रीत अशी, की मंडळाच्या भजनात बायकांनी ऐकायचं, म्हणायचं नाही. सगळं भजन होईपर्यंत हवालदारांनी तारेला हात लावला नाही. मग अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. "चल गड्या," म्हणाले.

हवालदारांनी भैरवीची पहिली ओळ वाजवली. अहाहा! आजही आठवलं की अंगावर काटा येतो. सूर वाकत होता, लांबत होता, खरंच माणूस गातोय असं वाटत होतं. ओळ संपली. हवालदार थांबले, मंडळाने उचलायची म्हणून.

कोणी उचलली नाही.

उचलणार काय? आम्ही लाकूड बघितलं, तार बघितली, पडदे बघितले, महिने घालवले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की गिटारीला शब्द नसतात. मंडळाची सवय अशी, की पुढच्याने शब्द टाकायचे आणि मागच्यांनी झेलायचे. शब्दच आले नाहीत तर सगळे टाळ हातात धरून एकमेकांकडे बघत राहिले. हवालदारांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. मृदंगवाला चुळबुळला. हवालदारांचा चेहरा मी बघत होतो. त्यांनी तारांवर पंजा ठेवून आवाज बंद केला आणि उठायला एक गुडघा उचलला. हा माणूस आता सरळ इंजिनापाशी जाईल आणि पुन्हा येणार नाही, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात भिंतीकडून वहिनींचा आवाज आला. पहिली ओळ, शब्दांसकट. बांधावरून हाक मारावी तसा आवाज, सूर चांगला अर्धा हात वर गेलेला, पण शब्द स्वच्छ. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. पदर तोंडापर्यंत ओढलेला, पण आवाज काही पदरात मावणारा नव्हता. अण्णांनी क्षणभर विचार केला असेल, नसेल. पेटीचा भाता दाबला आणि ओळ उचलली. मग सगळ्या मंडळाने साथ धरली. हवालदारांनी गुडघा खाली ठेवला, डोळे मिटले आणि दुसरी ओळ वाजवली. ती संपते न संपते तोच भिंतीकडून तिचे शब्द.

तासगावचा बुवा काही आला नाही. पुढच्या गुरुवारी अण्णांनी बायकांच्या बाजूला एक माइक ठेवला. वहिनींनी तो परत पाठवला. म्हणाल्या, "मला कशाला! मी काय गानारी हाय?" त्यांचंही बरोबरच होतं म्हणा, माइक घेतला असता तर देऊळ पडलं असतं.

तिथून पुढे काही वर्षं हे चाललं. एकदा पाटणकडच्या एका गावाने मंडळाला बोलावलं. एसटीत गिटार वाकळेत गुंडाळून हवालदारांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "पोराचं तोंड उघडं ठेवा की, गुदमरंल." वहिनी म्हणाल्या, "त्येचं तोंड भजनातच उघडतंय." त्या गावात वीज नव्हती, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून माझ्या एका ट्रान्झिस्टरला जोडली आणि त्यातून भैरवी झाली. मला बरोबर नेलं होतं ते त्यासाठीच. दुकान बंद ठेवून गेलो. बायको म्हणाली, तुम्हीच आता टाळ घ्या.

मग घशाचं दुखणं उलटलं. पुन्हा मिरज. मी एक-दोनदा भेटून आलो. हवालदार खूप बारीक झाले होते. कुजबुजही निघत नव्हती. मला बघून त्यांनी कॉटची कड ठोकली आणि नाक मुरडलं. लोखंडी होती. मी म्हटलं, "बरे व्हा, हिला आपण फळी बसवू." खांदे हलले.

गेल्याचं मला दोन दिवसांनी कळलं. दुपारच्या एसटीने गावाला गेलो. अंगणात माणसं होती, अण्णा होते. वहिनी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणीही येऊन काही विचारलं की अगदी थोडक्यात उत्तर देत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या दादा."

समोर बसलो. असं विचारू नये, पण तोंडातून गेलंच. म्हटलं, "शेवटी काही म्हणाले का?"

"सकाळची येळ हुती," त्या म्हणाल्या. "मी उशाला बसली हुती. त्येंनी माझा हात वडून घेतला आनि मनगटापास्नं कोपराकडं बोटं सरकवाय लागलं. दाबायचं, सरकवायचं, थांबायचं. मला आदी वाटलं, कायतरी मागत्यात. पानी दिलं तर घेतलं न्हाई. मग कळलं. भैरवीची पैली ओळ हुती. मी म्हनली."

"तिथं? दवाखान्यात?"

"व्हय. मोट्यानंच म्हनली."

"मग?"

"मग हात तसाच धरून बसली मी," वहिनी म्हणाल्या, "दुसरी ओळ यायची म्हनून."